रत्न-प्रदर्शनात स्टॉल मांडताय? मग ऐका

रत्न आणि खनिज प्रदर्शनात स्टॉल मिळाला म्हणता? अभिनंदन. आता घाबरायचं काही कारण नाही. तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या खिशात भिंग असतं, काहींची हयात दगड फोडण्यात गेलेली असते, इतकंच. थाप मारायला याहून जाणकार श्रोते कुठे मिळणार? तेव्हा निळ्या रंगात बुडवलेल्या हाउलाइटचे मणी ओवा आणि पाटीवर बिनधास्त ‘फिरोजा’ लिहा. एक बोरॉनचं खनिज, दुसरं तांबं आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट. पण काळ्या शिरा दोन्हीकडे दिसतात ना, मग झालं! एखाद्या काकांनी ॲसिटोनचा बोळा फिरवून निळा झालेला कापूस तुमच्या नाकासमोर धरलाच, तर शांतपणे सांगा, “अस्सल आहे काका, म्हणून तर एवढ्या सढळ हाताने रंग देतोय.”

ओपलाइट ही साधी काच आहे, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी पाटीला ठाऊक असण्याची गरज नाही. तिथे ‘चंद्रकांत मणी’ लिहा. कानातल्यांचे हुक जर्मन सिल्व्हरचे घ्या. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी औषधालाही नसते. पण नावात आहे की, आणखी कुठे हवी? निकेलमुळे गिऱ्हाइकाच्या कानाला खाज सुटली तर सांगावं, दगडाची ऊर्जा कामाला लागली. पूर्वी कान सोनार टोचायचे, आता हे पुण्यकर्म तुमच्याकडे.

अंगठीसाठी फ्लोराइट निवडा. फ्रीड्रिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची १ (सगळ्यात मऊ) ते १० (सगळ्यात कठीण) अशी उतरंड लावली, तीत फ्लोराइट ४ वर आहे आणि क्वार्ट्झ ७ वर. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतातच. म्हणजे अंगठी नुसती कोरड्या फडक्याने पुसली तरी चरे पडायची सोय झाली. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तक्रार घेऊन येईल. येईल हे महत्त्वाचं.

(दगड कापताना आणि घासताना मात्र पाणी वापराच. इथे थट्टा नाही. क्वार्ट्झची कोरडी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही.)

किंमत लावताना दगड, तार आणि हुक एवढंच धरा. कॅबोशॉनला, म्हणजे पैलू न पाडता गुळगुळीत घासलेल्या खड्याला, घुमटाचा आकार देण्यात गेलेला रविवार, एकामागून एक बारीक होत जाणारे पॉलिश पेपर, शेवटच्या घासणीत उडालेला टवका आणि त्यामुळे पहिल्यापासून घासलेला दुसरा दगड, ही सगळी तुमची हौस. हौसेला मोल नसतं, म्हणून तिचं शून्य धरायचं. एवढं करूनही कुणीतरी लटकन उलटंपालटं करून “हे तर मी घरी करेन” म्हणणारच. अशा वेळी रागावू नका, लगेच आणखी सूट द्या.

स्टॉलवर आरसा ठेवू नका. हातच्या कांकणाला आरसा नको असेल, पण गळ्यातल्याला हवा असतो, आणि गळ्यात कसं दिसतं ते कळलं की लोक विकत घेतात. मग तुम्हाला मोबाइल बघायला वेळ कुठून मिळणार?

जांभळे ॲमेथिस्ट खिडकीतल्या उन्हात मांडा, तिथे खुलून दिसतात. ऊन लागून लागून रंग विटला, तर पाटी बदलता येते.

आणि संध्याकाळी गल्ला घेऊन शेजारच्या स्टॉलवर जा. तिथे सुनेल्याचा (सिट्रीन या पिवळ्या रत्नाचा) मोठा खडा असेल, टोकाशी गडद केशरी, बुडाशी दुधट पांढरा. ॲमेथिस्ट भट्टीत तापवला की पुष्कळदा असाच दिसतो म्हणतात. पण भिंग बाहेर काढू नका. शेजारी “नैसर्गिक आहे” म्हणतोय, आणि त्याची पाटी तुमच्या पाटीपेक्षा किती सुबक अक्षरात लिहिलीय!