घरगुती धंदा काढताय? शेजारी असताना चिंता कसली!

घरातल्या घरात धंदा सुरू करायचं मनात आहे? करून टाका. दुकानाचं भाडं, डिपॉझिट, शटर, गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला जागा, या चिंता ज्यांना शेजारी नसतात त्यांनी करायच्या. तुम्ही सोसायटीत राहता. निम्मं भांडवल तिथेच उभं राहिलं.

सल्ला देण्याचा अधिकार मला अनुभवाने मिळाला आहे. आमची चार मजल्यांची बिल्डिंग. पहिल्यावर मी, आणि तिसऱ्यावर गेलं दीड वर्ष एक ‘घरगुती’ स्वयंपाकघर चालू आहे. शहराचं नाव सांगत नाही; तुम्ही तुमच्या शहराचं घाला, काही फरक पडणार नाही. रोज किती डबे जातात तेही मला माहीत नाही. एका रविवारी गॅलरीत बसून मोजत होतो, पण सत्ताविसाव्या डिलिव्हरीवाल्याने माझीच बेल वाजवली आणि हिशेब चुकला.

तर सगळ्यात आधी नाव. नावात आई, आजी, मावशी यांपैकी कुणीतरी हवीच. वरच्यांच्या नावात आई आहे. ती आई साताऱ्याला असते, गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, त्यामुळे या स्वयंपाकघरात तिने अजून पाऊल टाकलेलं नाही. रांधायला तीन पोरं आहेत. सकाळी सहाला येतात, रात्री बाराला जातात. डब्यावर मात्र आईचं चित्र झकास आहे. डोक्यावरून पदर, हातात पळी.

नियमांची धास्ती घेऊ नका, आणि ते वाचू तर मुळीच नका. मी वाचले, तेव्हापासून झोप उडाली. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे आणि जागेच्या वापराचे नियम, लागू आहे. तिच्यात राहत्या घरात व्यवसाय करायला चक्क मुभा आहे! शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं, अशी उदाहरणंसुद्धा दिली आहेत. अटी अगदी किरकोळ. काम घरातल्या माणसांनीच करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. आत धंदा चालतो हे बाहेरून दिसता कामा नये. तिथे तयार होईल तेवढंच विकायचं. घरात एरवी असतात त्याहून वेगळी यंत्रं आणायची नाहीत. बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या माणसांच्या जिवाला घोर लागेल असं काही करायचं नाही. आणि लोकांना खाऊपिऊ घालायचं ठिकाण तर यात मुळात धरलेलंच नाही.

हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिडकीशी मशीन टाकून ब्लाउज शिवणाऱ्या काकू असणार. तुम्ही त्या काकूंच्या आड उभं राहायचं. कुणी हटकलंच तर उलट विचारायचं, “आमच्याकडे कुणी बसून जेवतं का?” बसून कुणी जेवत नाही, हे खरंच आहे. जिन्यात उभे असतात सगळे.

अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र जरूर करा. लहान धंद्याला वर्षाचे 100 रुपये पडतात. उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी तर फुकट, ऑनलाइन, आपण भरू तेच खरं. दोन्ही कागद लॅमिनेट करून दारामागे टांगा. राहत्या जागेचा वापर बदलायची परवानगी कुठे आहे असं कुणी विचारलं की हे दाखवा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण लॅमिनेशन बघून माणूस दबतो.

विजेचं मीटर घरगुतीच राहू द्या. घराच्या एका भागात धंदा करणाऱ्याला महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटांपर्यंत घरगुती दरच लावायची सवलत वीज नियामक आयोगाने ठेवलेली आहे, आणि ती चांगलीच आहे. दोन डीप फ्रीझर आणि एक जंगी ग्राइंडर 300 युनिटांत कसे बसवायचे ते मला विचारू नका. माझं गणित कच्चं आहे.

पार्किंगबद्दल मी काय सांगणार? तुम्हीही सोसायटीतच राहता.

लिफ्टमधून कांद्याची पोती आधी जाऊ द्या. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना कसलीही घाई नसते.

कमिटीशी गोडीत राहा. दर रविवारी सेक्रेटरींकडे एक बिर्याणी गेली की पुरे, आठवडाभर त्यांना वास येत नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालकाने भाड्याने दिला आहे. तिथे बँकेत काम करणारी एक मुलगी राहते. सकाळी नऊला जाते, रात्री आठला येते, चप्पलसुद्धा वाजत नाही. तर तिच्या मालकाकडून आमची सोसायटी सेवाशुल्काच्या 10 टक्के बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता भाडेकरू ठेवल्याचं शुल्क, पै न चुकता घेते. जास्त घेता येत नाही म्हणून 10, नाहीतर आमच्या खजिनदारांची तयारी बरीच होती. आणि तिच्या डोक्यावर जो कारखाना चालतो त्याच्याकडून मेंटेनन्स तेवढाच, जेवढा मी भरतो. वार्षिक सभेत मी हा मुद्दा काढला, तर ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि लगेच चहा आला. समोसे वरूनच आले होते.

सिलेंडर लालच वापरा. घरचा लाल 14.2 किलोचा आणि हॉटेलचा निळा 19 किलोचा, हे पोरासोरांनाही कळतं. निळा जिन्यातून नेला की लोक बघतात, लाल नेला की “गॅस आला वाटतं” म्हणून पुढे जातात. पाच लाल नेले तरी तेच म्हणतात. वरच्यांच्या पॅसेजमध्ये परवा पाच उभे होते, शेजारी तेलाचे डबे, वर पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी. आणि जिना एकच. ही गंमत नाही, पण तिच्याकडे नंतर येतो.

आता मुख्य गोष्ट. तेल. हा सल्ला जरा लांबेल, कारण याच्यापायीच मी आज लिहायला बसलोय.

तळण झालं, रश्श्याची पातेली धुवायची आहेत, तर सरळ सिंकमध्ये ओता. हॉटेलवाले वेडे असतात. ते सिंकच्या खाली ग्रीस ट्रॅप नावाची पेटी बसवतात, तिच्यात तेल वर तरंगतं, पाणी खालून पुढे जातं, आणि साचलेलं तेल दर काही दिवसांनी माणूस हाताने काढतो. तुम्ही घरगुती. तुम्हाला पेटी कशाला? गरम तेल पाण्यासारखं वाहतं, सिंकमधून दिसेनासं झालं की संपलं. पुढे उभ्या पाइपात ते गार होतं, कडेला चिकटतं, त्यावर भाताची शितं बसतात, त्यावर पुन्हा तेल, आणि सगळ्यात खालच्या बेंडशी येऊन त्याचा साबण होतो. आमच्या बिल्डिंगला खाली पार्किंग आहे. म्हणजे किचनच्या लाइनवर त्या बेंडच्या वरचं पहिलं घर कुणाचं? बरोबर.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला आमच्या सिंकमधून गुडगुड असा आवाज आला. हिने मला हाक मारली. मी जाऊन पाहतो तर जाळीतून पाणी वर येत होतं. खाली जाण्याऐवजी वर. आधी करडं, मग तांबडं. वर तर्रीचा जाड तवंग. त्यात कांद्याचे काप, मोहरी, आणि सगळ्यांच्या मागून अगदी ऐटीत फिरत आलेलं कढीपत्त्याचं एक पान. आमच्या घरात त्या दिवशी कढीपत्ता नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे मॅगीपुरती एक शेगडी आहे. चौथ्यावरचे आजोबा पथ्याची खिचडी खातात. राहिलं कोण?

दहा मिनिटांत सिंक भरलं, ओट्यावर आलं, ओट्यावरून ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरमधून फरशीवर. मी बादलीने उपसतोय, ही जुनी बेडशीटं टाकून दाराशी बांध घालतेय. मुलाला वर पाठवलं, “काका, जरा नळ बंद करा” म्हणून सांगायला. काका म्हणाले, “लंच टायमिंग चाललंय रे, अर्ध्या तासात करतो.” अर्धा तास! माझ्या स्वयंपाकघरात तुमचा रस्सा पायाखाली आहे आणि तुमचं लंच टायमिंग चाललंय!

प्लंबर दोन वाजता आला. खालचं चेंबर उघडून त्याने सळई घातली, मग स्प्रिंग घातली, आणि शेवटी कोपरापर्यंत हात घालून एक गोळा बाहेर काढला. पांढरट, नारळाएवढा, वर केस उगवल्यासारखे नूडल्सचे तुकडे. तो चेंबरच्या झाकणावर ठेवून मला म्हणाला, “साहेब, बघून घ्या. हे घरच्या जेवणाचं काम नाही.” त्याचे बाराशे रुपये झाले. ते मी दिले. पाणी माझ्या घरात आलं होतं ना.

मी संध्याकाळी वर गेलो, तर वरचे म्हणाले, “पुरावा काय?”

कढीपत्ता जपून ठेवायला हवा होता.

मग सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, ही महापालिकेची बाब आहे. तिथे जाऊन आलेले सांगतात की तिथे ही सोसायटीची अंतर्गत बाब असते. पोलिसांकडे ती दिवाणी बाब होते. 1966 च्या नगररचना कायद्यात परवानगीशिवाय वापर बदलला तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 2000 ते 5000 रुपये दंड आहे, हे मी सेक्रेटरींना वाचून दाखवलं. तर ते हसले आणि म्हणाले, “अहो, पाच हजारांचा गल्ला तर त्यांचा रविवारी दुपारीच होतो.” त्यांना आकडा ठाऊक आहे! बिर्याणीबरोबर हिशेबही येतो की काय?

आणि वर मलाच ऐकवलं, “जाऊ द्या हो, कुणाच्या पोटावर पाय कशाला आणता?”

हे वाक्य मात्र मी सोडणार नाही. पोटावर पाय! माझी आई चाळीत वीस वर्षं दिवाळीच्या चकल्या-कडबोळी करून विकायची. माझी कॉलेजची फी त्यातून गेली आहे. पहिला घाणा शेजारी जायचा, कारण धूर शेजाऱ्यांनी खाल्लेला असायचा. तळणाचं तेल मोरीत ओतायची तिची छाती झाली नसती. गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं. त्यांची पद्धत बघा. पीठ एका जागी, केंद्रावर मळलं जातं, आणि बायका लाट्या घरी नेऊन पापड लाटतात. जड काम जडाच्या जागी, हलकं काम घरी. लाटण्याने कुणाचा पाइप तुंबल्याचं ऐकलंय कधी? मला घरगुती धंद्याचं वावडं नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई शिकवण्या घेतात, मागच्या गल्लीतले एक गृहस्थ घरूनच लोकांचे टॅक्सचे कागद भरून देतात. कुणाला पत्ताही नाही. नियम तेवढंच मागतो, शेजाऱ्याला पत्ता लागू देऊ नका.

तर अहो, तिसऱ्या मजल्यावरचे. हो, तुम्हीच. इतका वेळ जगाला सल्ले देत होतो, ते तुम्हालाच होते, कळलं असेलच. तुम्हाला भाडं पडत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगता ना? पडतं. आम्ही भरतो ते. आजोबा लिफ्टसमोर वीस मिनिटं उभे राहून भरतात. ती मुलगी रात्री साडेअकराला अनोळखी माणसाला दार उघडून “वरती, तिसरा मजला” सांगून भरते. मी बादलीने भरलं. मुख्य रस्त्यावर गाळे रिकामे आहेत, ‘भाड्याने देणे’च्या पाट्या लागल्यात, तुम्ही रोज त्यांच्यासमोरून जाता. परवडत नाही म्हणता आणि गाडी बदललीत!

तीन पोरांना बाराही महिने चड्डी-बनियनवर पॅसेजमध्ये भांडी घासायला बसवता, त्यांना धड मोरी नाही, दुपारी पाठ टेकायला जिना. एवढ्याश्या ओट्याशी चार शेगड्या पेटतात. उद्या त्या पाचांतला एक सिलेंडर लीक झाला तर खाली पळायला एकच जिना आहे, आणि त्यात तुमची खोकी आहेत. तुमची आई साताऱ्याला आहे म्हणून ती सुरक्षित. आमच्या आया इथे राहतात.

ती खोकी आज उचला. सिलेंडर आज उतरवा. ग्रीस ट्रॅपची किंमत मी विचारून ठेवली आहे, तुमच्या एका रविवारात बसते. आणि शनिवारी प्लंबर परत येतोय, कारण बेंड अजून पुरता सुटलेला नाही असं तो म्हणतो. या वेळी गोळा मी परातीत घालून वर आणणार आहे. लंच टायमिंगला.