ड्रोनचा गोंगाट आणि खालची हाक : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

डोंगरात अडकलेल्या माणसाची हाक ड्रोनवरच्या माइकांनी शोधता येईल, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "पंख्याखाली बसून शेजारच्या खोलीतलं बोलणं कळत नाही, आणि तुमच्या ड्रोनला दरीतली हाक ऐकू येणार?" तुम्ही पिंपरीत आयुष्यभर मशीनशॉपमध्ये काम केलंय, तेव्हा आधी करून बघितलं आणि मगच उत्तराला बसलो.

कोथरूडच्या आमच्या गच्चीत प्लायवूडवर 20-20 सेंटिमीटरवर चार माइक लावले, शेजारी टेबलफॅन फुल स्पीडला. लेक खाली पार्किंगमधून शिट्टी वाजवत होती. हेडफोनमध्ये नुसती घरघर. पण आवाजाचा आलेख काढला (जाड आवाज खाली, बारीक आवाज वर) तर पंख्याचा जाड पट्टा तळाशी आणि शिट्टीची बारीक रेघ वर, 3,000 हर्ट्झच्या (सेकंदाला 3,000 कंपनांच्या) आसपास, अगदी स्वच्छ! आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 20 सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या माइकला तो फार तर 0.58 मिलिसेकंद उशिरा पोचतो. रेकॉर्डर सेकंदाला 48,000 नमुने घेत असेल, तर तेवढ्यात 28 नमुने होतात. या फरकावरूनच दिशा निघते. ड्रोन थोडा सरकवून पुन्हा दिशा घेतली की दोन रेघा जिथे छेदतात, तिथे माणूस.

टेबलफॅन म्हणजे ड्रोन नव्हे, मान्य. ड्रोनचे पंखे माइकपासून अर्ध्या मीटरवर आणि माणूस 50 मीटरवर असला, तर नुसत्या अंतरापायी हाक 40 डेसिबलने मागे पडते. पण हा गोंगाट ओळखीचा असतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल, तर आवाज 200 हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत येणार. मोटरचा वेग मोजत राहिलं की तेवढा वजा करता येतो. खरी पंचाईत वाऱ्याची. झोताबरोबर चारही मोटरींचा वेग हलतो आणि वजाबाकी चुकते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतले संशोधक आपत्तीत अडकलेल्यांच्या हाका टिपायला ड्रोनवरच्या माइकांवर काम केलंय, ते उगाच नाही.

लेखात मी माळीणच्या दरडीचाही दाखला दिला होता, त्याबद्दल मात्र तुमचंच बरोबर. 30 जुलै 2014 ला जी माणसं चिखलाखाली गेली, त्यांची हाक वरून उडणाऱ्या कुठल्याच माइकला लागली नसती. लेखातलं ते वाक्य मी काढलंय. असं लिहायला नको होतं, त्या घरांतली माणसं आजही हे वाचत असतील. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो तोरण्याच्या बाजूला धुक्यात वाट चुकलेला, पाय मुरगळलेला पोरगा. तिथे कॅमेऱ्याला पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, शिट्टी मात्र धुक्यातूनही येते.

आता एक विचारायचंय. फॅनची थरथर प्लायवूडमधूनही माइकात शिरतेय. रबरी बुश लावून पाहिले, फारसा फरक नाही. तुमच्याकडे मशीनखाली काय घालायचे?