२५२० : ‘एकमेव’ नसलेली संख्या

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की नागपुरात संत्र्यांबरोबर एक संदेशही घरोघर पोहोचतो. सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर तो यंदा चारदा आला. त्याचे म्हणणे असे की, १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही जगातील एकमेव संख्या आहे. अशी संख्या असूच शकत नाही असे पाश्चात्त्य गणितज्ञ मानत असताना ती रामानुजन यांनी शोधली. आणि तिचे गूढ आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस व वर्षाचे महिने यांच्या गुणाकारात, म्हणजे ७ × ३० × १२ मध्ये दडलेले आहे.

भाग जातो हे खरे. ‘एकमेव’ मात्र खोटे. २५२० ची दुप्पट ५०४० घ्या, तिप्पट ७५६० घ्या, त्यांनाही १ ते १० ने भाग जातोच, आणि अशा पटी अगणित आहेत. २५२० ही त्यांतील सर्वांत लहान, म्हणजेच शाळेत शिकवला जाणारा लसावि.

अशी संख्या अशक्य आहे असे कोणताही गणितज्ञ म्हणणार नाही, कारण १ ते १० यांचा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० ही तशी संख्या हाती येते. प्लेटोने आपल्या आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबे सुचवली, ती याच गुणामुळे. आणि आपल्याकडे महावीराचार्यांनी नवव्या शतकात लसाविला ‘निरुद्ध’ असे नावही दिले होते.

पंचांगाचा मुद्दा सर्वांत लोभसवाणा, म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहू. गुणाकार बरोबर आहे. पण ७, ३० आणि १२ यांची चक्रे जुळण्यात काही रहस्य असते, तर ती ४२० लाच जुळतात आणि ४२० ला ना ८ ने भाग जातो, ना ९ ने. २५२० घडते ते ८ × ९ × ५ × ७ मधून. ३० × १२ म्हणजे ३६० मध्ये ८, ९ आणि ५ आयते सापडतात, इतकाच हा योगायोग. वर्षाचे खरे ३६५ दिवस घेतले तर तोही उरत नाही.

रामानुजन यांचा २५२० शी संबंध आहे, पण तो निराळा आहे. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांना अधिक विभाजक असतात, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. ४८ विभाजकांची २५२० ही त्या मालिकेतील एक लहानशी संख्या. त्यांचे कोष्टक ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, जिला १०,०८० विभाजक आहेत. हातांनी केलेल्या त्या अवाढव्य आकडेमोडीत एकच संख्या सुटली, २,९३,३१,८६,२५,६००. आणि गंमत अशी की, तिला २३ ने गुणले की कोष्टकातील तीच शेवटची संख्या मिळते.