अहिराणीत शिकवलं म्हणून इंग्रजी बंद होत नाही

धुळे-नंदुरबारच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘नव्या धोरणात पाचवीपर्यंत बोलीभाषाच, इंग्रजी बंद.’ हे खोटं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, एवढंच आहे. इंग्रजी काढा असं कुठेही नाही. महाराष्ट्रात इंग्रजी २००० पासून पहिलीपासून विषय आहे.

पहिलीतल्या पोराला ‘येथे ये’ म्हटलं की ते गप्प उभं राहतं, अहिराणीत ‘आठे ये’ म्हटलं की धावत येतं. हे मी वर्गात रोज बघतो. अक्कलकुवा-धडगावच्या भिली, पावरी बोलणाऱ्या लेकरांना तर प्रमाण मराठीसुद्धा नवीच. आधी त्यांना कळू द्या. मेसेज पुढे पाठवू नका, शाळेत येऊन विचारा.