‘सत्य नाही’ असं म्हटलं कोणी?

‘उत्तर-आधुनिकवाले म्हणतात, सत्य असं काही नसतंच. मग हे वाक्य तरी खरं कसं? कांट-हेगेल झेपले नाहीत, म्हणून यांनी व्यवस्थाबद्ध तत्त्वज्ञानच मोडीत काढलं.’ हा मजकूर हातोहात फिरतोय. (उत्तर-आधुनिकवाले म्हणजे विसाव्या शतकातले ल्योतार, देरिदा यांच्यासारखे फ्रेंच विचारवंत; कांट-हेगेल म्हणजे सगळं ज्ञान एका सलग रचनेत, व्यवस्थेत बसवू पाहणारे जर्मन तत्त्वज्ञ.) वाचायला झकास आहे, पण टिकत नाही.

पहिलं वाक्य घ्या. ज्याच्या नावावर ते खपवलं जातं, त्या ल्योतारने 1979 साली क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी ज्ञानाच्या स्थितीवर अहवाल लिहिला. त्यात तो म्हणतो, अगदी ढोबळ करून सांगायचं तर महाकथनांवरचा, म्हणजे सगळ्याला एकच अर्थ देणाऱ्या मोठ्या गोष्टींवरचा अविश्वास म्हणजे उत्तर-आधुनिकता. (यातलं ‘अगदी ढोबळ करून’ उद्धृत करताना हमखास गळतं.) अविश्वास आणि नकार एक नव्हे. शिवाय अविश्वास कशावर, तेही बघा. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं, यावर त्याचं काही म्हणणं नाही. ‘विज्ञान वाढत गेलं की माणूस मुक्त होत जातो’ ही सगळ्या ज्ञानाला एकत्र प्रमाणपत्र देणारी गोष्ट मात्र त्याला खटकते.

वदतोव्याघाताचा, म्हणजे हे बोलणं स्वतःलाच खोडतं असा आक्षेप वजनदार आहे. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासने 1985 मध्ये तो नेटाने मांडला. पण तत्त्वज्ञानाच्या व्यवस्थेबाहेर उभं राहून बोलतोय, असा दावा देरिदाने केलाच नव्हता. 1966 च्या बाल्टिमोरमधल्या व्याख्यानात तो उलटंच सांगतो: तत्त्वमीमांसेवर, म्हणजे अस्तित्वाचं मूळ शोधणाऱ्या तत्त्वज्ञानावर हल्ला करायला तिच्याबाहेरची भाषा आपल्यापाशी नाही, आपलं प्रत्येक विरोधी विधान तिच्याच साच्यातून निघतं. म्हणजे जे गुपित पकडल्याचा आनंद होतोय, ते त्याने आधीच चव्हाट्यावर मांडलं होतं. ल्योतार मात्र इथे सापडतो. ‘महाकथनांवरचा विश्वास उडाला’ ही सबंध युगाची गोष्ट, आणि ती सांगणारा महाकथनांचा टीकाकार! त्यातून त्याला सोडवायचा मार्ग मला तरी दिसत नाही.

राहिला आळसाचा आरोप. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणायला सोपं आहे. हेगेलने विचारांचा भव्य महाल बांधला आणि स्वतः शेजारच्या खोपटात राहिला, अशा अर्थाचा टोमणा डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगारने एकोणिसाव्या शतकातच मारला होता, तेव्हा ही पॅरिसची फॅशनही नव्हे. आणि देरिदाचं 1974 चं पुस्तक उघडा. प्रत्येक पानावर दोन रकाने: उजवीकडे फ्रेंच लेखक जाँ जने, डावीकडे हेगेल. डाव्या रकान्याचा पहिलाच प्रश्न असा, की आज, इथे, आपल्यासाठी हेगेलचं उरतं काय? मग कुटुंब, विवाह, धर्म यांवरचं हेगेलचं लिखाण ओळीओळीने, पार शेवटच्या पानापर्यंत. हेगेल न झेपलेल्या माणसाने तो एक रकाना भरून दाखवावा.