गाडीच्या एसीत स्वयंपाकाचा गॅस भरायला निघालेल्यांसाठी

‘गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ असं मथळ्यातच ओरडणारा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. जुन्या गाडीच्या इंजिनचा बेल्ट आवाज करत असेल, एसी गार करत नसेल, तर घरच्या घरी करायचे उपाय. मी आधी दुर्लक्ष केलं. पण काल मामांचा फोन आला, ‘सिलिंडरची नळी एसीच्या व्हॉल्व्हला कशी बसवायची रे?’ आता गप्प बसणं शक्य नाही.

म्हणून आधी तोच उपाय, मेसेजमध्ये तो शेवटी असला तरी. ‘एसीचा गॅस आणि स्वयंपाकाचा गॅस एकच, उलट स्वयंपाकाच्या गॅसने जास्त गार होतं.’ यातलं गार होण्यापुरतं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्वयंपाकाच्या गॅसमधले प्रोपेन आणि आयसोब्युटेन चांगलं गार करतात, घरच्या कितीतरी फ्रिजमध्ये आयसोब्युटेनच असतो. पण तो शुद्ध असतो, थोडे ग्रॅम असतो आणि त्याच्यासाठीच बनवलेल्या सीलबंद नळ्यांत असतो.

गाडीची कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या मागे. ती गळली की गॅस थेट तुमच्या नाकासमोर येतो. छोट्या गाडीच्या आत साधारण ३ घनमीटर हवा मावते. प्रोपेनचं प्रमाण हवेत २ टक्क्यांच्या जरा वर गेलं की तो पेटू शकतो. म्हणजे ६०-६५ लिटर वायू, वजनात जेमतेम १००-१२५ ग्रॅम. एसीत सहसा याहून जास्तच भरावा लागतो. वर एखाद्या रिलेची, म्हणजे विजेच्या स्विचची, ठिणगी पुरे. कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, तर गाडीच्या अगदी तोंडाशी, समोरून धडक बसली की आधी तीच फुटणार.

हे माझंच म्हणणं नाही. जुन्या गाड्यांच्या एसीतला आर-१२ गॅस बंद होत गेला तेव्हा असलेच ज्वलनशील डबे ‘पर्याय’ म्हणून बाजारात आले होते. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने आर-१२च्या गाड्यांत ज्वलनशील हायड्रोकार्बन भरणं बेकायदा ठरवलं, कारण सुरक्षितता. ‘मग नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ पण पेटतोच की’ असं कुणीतरी म्हणेलच. पेटतो, पण प्रोपेनच्या मानाने फार कष्टाने, आणि त्या गाडीची यंत्रणा तो धरूनच बनवलेली असते. तुमची नाही. शिवाय पुढे कधीतरी मेकॅनिक आपल्या मशीनने एसीतला गॅस काढून घेईल, तेव्हा आत काय आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल.

आता साबण. ‘इंजिन चालू ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूला कोरडा साबण धरा.’ हे लिहिणाऱ्याची सगळी बोटं शाबूत आहेत का, कुणीतरी विचारा. आवाज दाबल्याने बिघाड जात नाही. बेल्ट बनवणारी गेट्स कंपनी साधी पाण्याची परीक्षा सांगते. हात, बाही, ओढणी लांब ठेवून, रेषा असलेल्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारायचं. आवाज काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी पडतोय.

एसी लावल्यावरच किंचाळतो? मग कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप, जड झालाय का ते बघा. इंजिन बंद, किल्ली खिशात, बेल्ट उतरवलेला, आणि कॉम्प्रेसरची पुली हाताने फिरवायची. एसी बंद असताना ती मोकळी फिरली पाहिजे. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. पुलीच्या पुढचा क्लचचा भाग, जो एसी लावला की पुलीला कॉम्प्रेसरशी जोडतो, तो फिरवून बघा, तो अजिबात हलत नसेल तर कॉम्प्रेसरच अडकलाय.

‘भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला’ हे जुन्या निओप्रीन बेल्टांच्या काळातलं. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगा न पडताही टायरसारखे झिजतात. खाचा मोजायचं छोटं गेज मिळतं, ते लावून बघायचं.

‘कॉम्प्रेसर जाम झाला तर बेल्ट कापून टाका, गाडी धावते.’ एसीला वेगळा बेल्ट असलेल्या जुन्या गाडीत धावते, खरंय. पण एकच लांब बेल्ट असेल तर त्यावर अल्टरनेटर असतो आणि बऱ्याचदा वॉटर पंपही. तो कापलात की चार्जिंग बंद, आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर थोड्याच वेळात इंजिन उकळायला लागेल.

‘एसीचा गॅस दरवर्षी संपतोच.’ संपत नाही, गळतो. नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडा थोडा वर्षानुवर्षं झिरपतो, एवढं कबूल. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती मोठी आहे. सांध्यांवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ शोधा. ती गळती बंद करून, व्हॅक्यूम करून म्हणजे आतली हवा ओढून काढून, मोजून गॅस भरायचा.

‘प्रेशर स्विचची वायर जोडून टाका’ या सल्ल्याला तर हात जोडतो. गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर बंद ठेवणारा स्विच तो. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवला तर कोरडाच घासून मरणार.

आणि मामा, तुमची गाडी हायवेवर गार करते आणि सिग्नलला उभी राहिली की गरम हवा फेकते ना? मग गॅसच्या मागे लागण्याआधी एसी लावून बोनेट उघडा आणि कंडेन्सरचा फॅन फिरतोय का तेवढं बघा. हात मात्र लांब ठेवा, तो अचानक सुरू होतो. सिलिंडर स्वयंपाकघरात परत ठेवा.