"किती मंडळ्या वाढवल्या?"

मी वेगवेगळ्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन तिथल्या पाळकांना (धर्मसेवकांना) उत्तेजन देते. आज उपासनेनंतर एका भावाने चारचौघांत विचारलं, "ताई, इतकी वर्षं या मंडळीतून त्या मंडळीत फिरता. तुमच्यामुळे वाढलेली एक तरी मंडळी दाखवा." मी "नाही दाखवता येणार" म्हणाले आणि बाहेर पडले. तीन तास झाले, डोकं अजून शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

वाढली म्हणजे काय हो? खुर्च्या कमी पडल्या म्हणजे मंडळी वाढली?

मला या सेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कसं झालं ते सांगते. एका लहानशा मंडळीत पाहुणी म्हणून गेले होते. मला धरून आम्ही ९ जण. पाळकांनी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यावर संदेश दिला. झुडपाखाली पडून "आता माझा प्राण घे" म्हणणारा एलीया. देव त्याला रागावत नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो, भाकर-पाणी देतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो, आणि देवदूत पुन्हा येतो. इथे पाळकांचा आवाज अडकला. त्यांनी घाईघाईने प्रार्थना घेतली आणि संपवलं.

सगळे निघून गेले. ते एकटेच बाकं सरकवत होते. मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "देवदूत दुसऱ्यांदा आला, तिथे तुम्ही थांबलात. काही सांगायचं राहिलं का?" त्यांनी बाक खाली ठेवलं, आत गेले आणि वही घेऊन आले. दर रविवारचं एक पान, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा. ३१. २६. १४. ८. मी त्या आकड्यांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "मोजायचं नाही असं ठरवतो, पण डोळे मिटायच्या आधी मोजून झालेलं असतं." चार वर्षांत त्यांना संदेशाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्या दुपारी त्यांनी राहिलेला सगळा भाग मला वाचून दाखवला आणि मी ऐकला. दुसरं काही केलं नाही. पण घरी जाताना मला कळलं होतं की प्रभूने माझ्या हातात काय दिलंय.

तुम्हाला बायबलमधला बर्णबा माहीतच आहे. खरं नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, उत्तेजन देणारा, हे नाव त्याला येशूच्या प्रेषितांनी दिलं. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, सगळे घाबरत होते तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबा. अंत्युखियात काम वाढलं तेव्हा आपलं नाव पुढे न करता तार्सला जाऊन त्याच शौलाला शोधून आणणाराही तोच. अंत्युखियात पुष्कळ लोक प्रभूला मिळाले, हे मान्य. त्या भावाला हे वचन आवडेल. पण आधी अर्ध्यावर सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौलाशी वाद झाला, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकातून बर्णबाचं नावच नाहीसं झालं. त्या मार्काने काय केलं, किती वाढवलं, तिथे आकडा नाही. पुढे पौलच आपल्या सहकारी तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

मला राग त्या भावाचा कमी आणि आपल्या सवयीचा जास्त येतोय. संदेश लांबला की आपण घड्याळ बघतो. घरी जाताना पाळकांचा आवाज, त्यांची मुलं, त्यांची बायको, सगळ्यावर बोलतो. आणि त्यांच्यासमोर? "छान झालं हं, पाळकसाहेब." हे उत्तेजन नाही. काय ऐकलं हे एका वाक्यात सांगता आलं तर ते उत्तेजन.

हो, काही ठिकाणी पाठ थोपटायची नसते, कान धरायचा असतो. पैशाचा हिशोब न देणारे, लोकांना धाकात ठेवणारे सेवक मीही पाहिलेत, आणि एकदा गप्प बसले, ती माझी चूक होती. फिरणाऱ्याला स्वतःची मंडळी हवी, तिथल्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, उत्तर द्यावं लागायला हवं, हेही खरं. मला आहे, आणि मी देते.

पण त्या वहीचा कोपरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माणूस एकटा बसून तो आकडा लिहीत असतो आणि आपण त्याला अजून एक आकडा मागतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या भावाला फोन करेन. कदाचित त्यालाही कुणी कधी काही विचारलं नसेल.

पाळक अजून तिथेच आहेत. मंडळी अजून लहानच आहे, कोपऱ्यात आकडाही असतो. पुढच्या रविवारी मी तिकडे आहे. फोनवर म्हणाले, पौलाच्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय घेतोय. लोक नावांची यादी म्हणून सोडून देतात तो. फिबी आहे त्यात, प्रिस्का आणि अक्विला आहेत, वीसहून जास्त जणांना नावानिशी सलाम आहे. आणि मधेच रूफसची आई, जिला पौल "माझीही आई" म्हणतो. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही.

माझा प्रश्न आत्ताच तयार आहे: तिने पौलासाठी नेमकं काय केलं असेल?